बॅटरीवरचं मशीन घेताय? आधी पॅकमधले सेल मोजा

कागल : कागल-हातकणंगले पंचतारांकित एमआयडीसीत नव्या प्लॉटवर शेड उभी राहायला लागते तेव्हा तिथं बऱ्याचदा वीज पोचलेली नसते. मीटर यायचा असतो, जनरेटरचं डिझेल परवडत नाही आणि शेजारच्या कारखान्यातून वायर ओढायची तर ती लांबच्या लांब केबल चिखलातून जाते. पावसाळ्यात तर अशी केबल म्हणजे जिवाशी खेळ. त्यामुळं पत्रे मारणारे, स्ट्रक्चर जोडणारे, ग्रील-खिडक्या बसवणारे आणि कारखान्यातले मेंटेनन्सवाले बॅटरीवरच्या मशीनकडं वळले आहेत. तालुक्याच्या गावांतही तेच चित्र आहे. सौर कृषी पंपाचं स्ट्रक्चर शेतात जोडायचं असेल तर तिथं प्लग कुठला?

मशीन घेताना मात्र चूक एकाच जागी होते. गिऱ्हाईक मशीन हातात घेऊन बघतो, ट्रिगर दाबतो, आवाज ऐकतो आणि पॅककडं दुर्लक्ष करतो. वर्ष-दीड वर्षानं मशीन ठणठणीत असतं, बॅटरी मात्र दहा मिनिटांत बसते. नवीन बॅटरीची किंमत विचारली की कळतं, दोन पॅक आणि चार्जर यांचा खर्च रिकाम्या मशीनच्या वर जातोय. म्हणून खरेदी बॅटरीची आहे, मशीन तिच्या मागून येतं, असं धरून चाललेलं बरं.

आकडे दोन, पण गुणाकार महत्त्वाचा

पॅकवर दोन आकडे छापलेले असतात, व्होल्ट आणि एएच म्हणजे अँपिअर-अवर. व्होल्ट म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची आणि एएच म्हणजे टाकीचा घेर, असं समजा. नुसत्या उंचीवरून पाणी किती ते कळत नाही आणि नुसत्या घेरावरूनही नाही. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट-अवर मिळतात आणि टाकीत खरोखर किती माल आहे ते तिथं कळतं.

१८ व्होल्ट २ एएच म्हणजे ३६ वॉट-अवर. १८ व्होल्ट ४ एएच म्हणजे ७२ आणि ५ एएच म्हणजे ९०. शेतकऱ्यांच्या ओळखीचं उदाहरण घ्यायचं तर पाठीवरच्या फवारणी पंपातली १२ व्होल्ट ८ एएचची शिशाची बॅटरी ९६ वॉट-अवरची असते. म्हणजे ५ एएचचा मशीनचा पॅक जवळपास तेवढीच वीज साठवतो. फरक वजनाचा. शिशाची ती बॅटरी दोन किलोच्या वर भरते आणि लिथियमचा पॅक साधारण सहाशे-साडेसहाशे ग्रॅममध्ये बसतो. (पंपाचा चार्जर या पॅकला वायर जोडून लावण्याचा प्रयोग कुणी करू नये. शिशाच्या आणि लिथियमच्या बॅटरीची चार्जिंगची पद्धत वेगळी आहे. आगीची सुरुवात अशाच जुगाडातून होते.)

दोन दुकानांतले भाव ताडून बघायचे असतील तर किमतीला वॉट-अवरनं भागा. समजा एक पॅक ६,००० रुपयांचा आणि ९० वॉट-अवरचा आहे, तर दर पडला वॉट-अवरला सुमारे ६७ रुपये. दुसरा ३,५०० रुपयांचा पण ३६ वॉट-अवरचा असेल तर दर ९७ रुपये. स्वस्त वाटलेला पॅक महाग निघाला.

१८, २०, २१ हे सगळं एकच

लिथियमच्या एका सेलचा सरासरी दाब ३.६ व्होल्ट असतो आणि पूर्ण भरल्यावर तो ४.२ व्होल्टपर्यंत जातो. पाच सेल एकामागं एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले की ३.६ गुणिले ५ म्हणजे १८ व्होल्ट. तोच पॅक पूर्ण भरला की ४.२ गुणिले ५ म्हणजे २१ व्होल्ट. कुणी सरासरी आकडा छापतो, कुणी भरल्यावरचा, कुणी मधला २०. आत पाचच सेल. अमेरिकेत २० व्होल्ट म्हणून विकलं जाणारं मशीन युरोपात १८ व्होल्ट म्हणून विकलं जातं, ते याच कारणानं. तसंच १२ व्होल्टच्या छोट्या मशीनमध्ये तीन सेल असतात आणि त्यांचा सरासरी दाब १०.८ व्होल्ट. ४० व्होल्टच्या पॅकमध्ये दहा सेल सिरीजमध्ये असतात, सरासरी ३६ व्होल्ट.

तेव्हा दुकानदारानं ‘हे २१ व्होल्टचं आहे, त्या १८ वाल्यापेक्षा पॉवर जास्त’ असं सांगितलं तर हसून सोडून द्यावं.

त्याहून मोठा घोळ बाजारातल्या स्वस्त किटवरच्या ‘४८ व्हीएफ’, ‘८८ व्हीएफ’, ‘१२८ व्हीएफ’ अशा आकड्यांचा आहे. ते व्होल्ट नव्हेत. व्होल्टसारखं दिसावं म्हणून छापलेलं ते मॉडेलचं नाव आहे. यातल्या बहुतेक पॅकमध्ये पाचच सेल असतात आणि मल्टिमीटर लावला की २०-२१ व्होल्टच दिसतात. घरात पडदे-शेल्फ लावायला असलं किट चालून जातं. रोज आठ तास ज्याच्यावर पोट आहे त्यानं मात्र या आकड्यांवर पैसे लावू नयेत.

सेल किती, हे का विचारायचं

दोन पॅकवर १८ व्होल्ट लिहिलेलं असूनही एकावर ग्राइंडर सपासप चालतो आणि दुसऱ्यावर पत्रा कापताना थबकतो. याचं कारण करंटमध्ये आहे.

छोटा चार इंची ग्राइंडर जोर लावून चालवला आणि त्यानं ७०० वॉट खेचले, तर १८ व्होल्टवर जवळजवळ ३९ अँपिअर करंट वाहतो. पॅकमध्ये पाचच सेल असतील तर हा सगळा करंट प्रत्येक सेलमधून जातो. जास्त करंट देण्यासाठी बनवलेला, २ ते २.५ एएचचा चांगला सेलही सलग २० अँपिअरच्या आसपास देऊ शकतो. ३९ त्याच्या आवाक्याबाहेर. मग दाब पडतो, मशीनची गती उतरते, पॅक तापतो आणि आतलं सर्किट चांगलं असेल तर तो बंद पडतो. सर्किट चांगलं नसेल तर तो चालतच राहतो आणि सेल खलास होतात.

आता दहा सेलचा पॅक घ्या. पाच जोड्या, प्रत्येक जोडीत दोन सेल शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरललमध्ये. करंट दोघांत वाटला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला साडेएकोणीस येतो. शिवाय सेलमध्ये होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते. म्हणून करंट निम्मा झाला की प्रत्येक सेलची उष्णता निम्मी न होता चौथाईवर येते. मोठा पॅक जास्त वेळ चालतो हे सगळ्यांना माहीत असतं. तोच पॅक जास्त जोरही देतो आणि जास्त वर्षं टिकतो, ही गोष्ट सांगितली जात नाही.

पॅकमध्ये सेल किती आहेत ते न फोडता ओळखता येतं. नेहमीचा सेल १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा असतो, त्याला १८६५० म्हणतात. पाच सेलचा पॅक चपटा, एका थराचा. दहा सेलचा दोन थरांचा आणि उंच. १८ व्होल्टमध्ये दीड-दोन एएचवाले पॅक एका थराचे, तीन ते सहा एएचवाले दोन थरांचे, असा जुना हिशेब होता. अलीकडं २१७०० नावाचा जाडा सेल आला आहे, २१ मिलिमीटर जाड आणि ७० लांब. त्याच्या पाच सेलमध्येच ४ एएच मिळतात आणि चांगल्या प्रतीचा सेल ३० अँपिअरच्या पुढं करंट देऊ शकतो. बॉशचा प्रोकोअर मालिकेतला ४ एएचचा पॅक याच जातीचा. हलका हवा आणि दमही हवा, अशा वर चढून काम करणाऱ्यांसाठी ही जात चांगली आहे. किंमत अर्थातच चढी.

कुठल्या कामाला कुठला

पत्रे मारणाऱ्यांचं काम इम्पॅक्ट ड्रायव्हरवर चालतं. सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू पत्र्यातून पर्लिनमध्ये जाईपर्यंत काही सेकंदांचा जोर लागतो, मग विश्रांती. सलग लोड नाही. इथं २ एएचचा पॅकही काम करतो आणि वर, छपरावर हात वर करून दिवसभर धरायचं असल्यानं हलकं वजन फायद्याचंच. एकाला पाच एएचचा एक पॅक देण्यापेक्षा दोन-दोनचे तीन दिलेले बरे. एक मशीनमध्ये, एक खिशात, एक चार्जरवर.

स्ट्रक्चरचे बोल्ट आवळायला अर्धा इंची इम्पॅक्ट रेंच लागतो. त्याला दहा सेलचाच पॅक द्यावा. १६-२० मिलिमीटरचा बोल्ट आवळताना झटक्यात मोठा करंट लागतो आणि पाच सेलच्या पॅकवर रेंच नुसता टकटक करत बसतो. अर्थात इम्पॅक्टनं बोल्ट जवळपास आवळून घ्यायचा आणि शेवटचा टॉर्क टॉर्क रेंचनंच द्यायचा. बॅटरी कितीही चांगली असली तरी हा नियम बदलत नाही.

ग्राइंडर हा बॅटरी खाणारा खरा राक्षस. ९० वॉट-अवरचा पॅक ७०० वॉटवर सलग चालवला तर आठ मिनिटंसुद्धा पुरत नाही. साइटवर दोन-चार अँगल कापायचे, वेल्डची गाठ घासायची, यासाठी तो ठीक. दिवसभर घासायचं असेल तर वायरवरचाच घ्यावा. कागल, गोकुळ शिरगाव, शिरोली पट्ट्यातल्या फाउंड्रीत कास्टिंगच्या फेटलिंगला बॅटरीचा ग्राइंडर आणण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. तिथं हवेवरचे किंवा वायरवरचे ग्राइंडरच योग्य. पॅकची गणितं बाजूला ठेवली तरी त्या ओतीव लोखंडाच्या बारीक भुकटीचं काय? ती वीज वाहून नेते. कूलिंगच्या झरोक्यांतून आणि पत्त्यांच्या खाचांतून आत जाते आणि एक दिवस शॉर्ट करते.

काँक्रीटला भोकं पाडायचा हॅमर घेणार असाल तर ५ एएचच्या खाली बघू नका. मोठा हॅमर किंवा मोठा ग्राइंडर बॅटरीवरच हवा असेल तर ३६-४० व्होल्टची जात बघावी. दाब दुप्पट झाला की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो. सुताराचा ड्रिल-स्क्रूड्रायव्हर, इलेक्ट्रिशियनचं काम, सौर पॅनेलचे क्लॅम्प, यांना १२ व्होल्टचं छोटं मशीनही पुष्कळ झालं. पण ते वेगळं घराणं आहे, हे ध्यानात ठेवून.

घराणं एकदाच निवडायचं

एकाच कंपनीचं नाव आणि एकच व्होल्टेज असूनही बॅटरी बसेलच असं नाही. बॉशचे निळे व्यावसायिक १८ व्होल्टचे पॅक आणि घरगुती वापराच्या हिरव्या मशीनचे १८ व्होल्टचे पॅक एकमेकांत बसत नाहीत. माकिताची १८ व्होल्टची मालिका २००५ पासून चालत आली आहे आणि ४० व्होल्टची नवी मालिका वेगळी आहे. एकीचा पॅक दुसरीच्या मशीनला लागत नाही. ऑनलाइन ऑफरमध्ये रंग न बघता घेतलं आणि घरी आल्यावर बसलं नाही, असं व्हायला वेळ लागत नाही.

त्यामुळं पहिलं मशीन घ्यायच्या आधी कागदावर लिहावं की पुढच्या तीन वर्षांत काय-काय लागणार. ड्रिल, इम्पॅक्ट, ग्राइंडर, हॅमर, ब्लोअर, लाइट. ही सगळी एका घराण्यात मिळतात का? आणि त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर कोल्हापुरात आहे का, की पुण्याला पाठवावं लागतं? शाहूपुरी-उद्यमनगरात फेरी मारून दोन दुकानांत विचारलं तरी याचा अंदाज येतो. पहिल्यांदा किट घ्यावं, म्हणजे मशीन, दोन पॅक, चार्जर आणि पेटी एकत्र. त्यानंतर मात्र नुसतं मशीन. बॉश त्याला ‘सोलो’ म्हणते, माकिताच्या मॉडेल नंबरच्या शेवटी ‘झेड’ असेल तर ते बहुधा बिनबॅटरीचं. हे न कळता ‘स्वस्त मिळालं’ म्हणून आणलेलं मशीन पेटीतच पडून राहतं.

काही कंपन्यांनी मिळून एकच पॅक वापरायचं ठरवलं आहे. जर्मनीच्या मेटाबोच्या पुढाकारानं २०१८ मध्ये असा एक गट झाला, बॉशच्या १८ व्होल्ट पॅकभोवतीही अँपशेअर नावाचा गट आहे. आपल्याला लागणारं एखादं खास मशीन त्या गटातल्या दुसऱ्या कंपनीचं असेल तर याचा उपयोग होतो.

एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावायचे प्लास्टिकचे अडॅप्टरही मिळतात. यात एक खोच आहे. बॅटरी फार उतरली की बंद करण्याचं काम काही घराण्यांत मशीन करतं, काहींत पॅक स्वतः करतो. अडॅप्टरमधून जाताना दोघांचा संवाद तुटतो. मशीनला वाटतं पॅक बघेल, पॅकला वाटतं मशीन बघेल आणि सेल नको तितका खाली जातो. टॉर्च-लाइटला असला अडॅप्टर चालेल. ग्राइंडरला नको.

डुप्लिकेट कसा ओळखायचा

नामांकित कंपनीच्या आकाराचे, त्याच रंगाचे पॅक अर्ध्याहून कमी किमतीत मिळतात. सगळ्यात सोपी परीक्षा किराणा दुकानाच्या काट्यावर होते. १८६५० जातीचा एक सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा. दहा सेल म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ग्रॅमच्या वर, शिवाय खोकं, सर्किट, पट्ट्या. ‘६ एएच’ लिहिलेला पॅक चारशे ग्रॅम भरला तर आत दहा सेल नाहीत, विषय संपला. उंच खोक्यात पाचच सेल घालून वरची जागा रिकामी ठेवलेले पॅकही असतात. हलवल्यावर खुळखुळ वाजलं तर दुकानातच परत द्या.

दुसरी गोष्ट म्हणजे बीआयएसचा नोंदणी क्रमांक. लिथियम सेल आणि बॅटरीसाठी आयएस १६०४६ हे मानक आहे. लेबलवर त्या मानकाचा उल्लेख आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा आठ आकडी क्रमांक शोधावा. मोबाइलवर बीआयएस केअर हे सरकारी ॲप टाकलं की तो क्रमांक कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नंबर भलत्याच कंपनीचा, भलत्याच वस्तूचा निघाला तर काय समजायचं ते समजावं.

आणि बिल पक्कं घ्यावं. जीएसटी नोंदणी असलेल्या ठेकेदाराला पक्क्या बिलावर इनपुट क्रेडिट मिळतं, त्यामुळं कच्च्या बिलातली ‘बचत’ पुष्कळदा कागदावरच असते. वॉरंटी बघताना मशीनची वेगळी आणि बॅटरीची वेगळी असते हे लक्षात ठेवावं. बॅटरीची बहुधा कमी मुदतीची. दुकानदाराकडून बिलावर दोन्ही लिहून घ्यावी, पॅकचा सीरियल नंबरही.

ऊन, चार्जर आणि जुनी सवय

‘बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जला लावायची नाही’ हा सल्ला साइटवर अजून ऐकू येतो. तो निकेल-कॅडमियमच्या काळातला आहे. माकितानं १९७८ मध्ये ७.२ व्होल्टचा ड्रिल आणला, तो त्या जातीच्या बॅटरीचा. पुढं कितीतरी वर्षं तीच बॅटरी चालली आणि तिला पूर्ण उतरवायची सवय लागली. लिथियमचं उलट आहे. ती तळाला नेणं तिला मारक ठरतं. जेवणाच्या सुट्टीत अर्धवट उतरलेली बॅटरी चार्जला लावली तर काही बिघडत नाही, उलट बरंच.

तिला सोसत नाही ते ऊन. एप्रिल-मेमध्ये छपरावरच्या पत्र्यावर ठेवलेला पॅक, उन्हातल्या बंद गाडीत डॅशबोर्डवर राहिलेला पॅक सहज ६० अंशांच्या आसपास जातो. बहुतेक कंपन्या चार्जिंगसाठी ४०-४५ अंशांची वरची मर्यादा देतात. ग्राइंडरमधून काढलेला तापलेला पॅक लगेच चार्जरवर टाकला तर चांगला चार्जर लाल-पिवळा दिवा लावून थांबतो आणि गार झाल्यावरच सुरू होतो. गडी मंडळी याला ‘चार्जर खराब झाला’ म्हणतात. स्वस्त चार्जर थांबत नाही, आणि तोच खरा खराब. पॅक अर्धा तास सावलीत ठेवावा. पाण्यात बुडवून किंवा ओल्या फडक्यानं गार करू नये.

चार्जरचा वेगही बघून घ्यावा. किटमध्ये बऱ्याचदा २ अँपिअरचा साधा चार्जर येतो आणि ५ एएचच्या पॅकला तो अडीच तासांच्या वर घेतो. दोनच पॅक असतील तर काम थांबणार हे आधीच कळतं. एक जादा पॅक घ्यायचा की फास्ट चार्जर, याचं उत्तर साइटवर वीज आहे की नाही त्यावर अवलंबून आहे. वीज नसेल तर जादा पॅक, रात्री घरी भरून आणायचे. साधा चार्जर १०० वॉटच्या आत चालतो, त्यामुळं गाडीच्या चांगल्या इन्व्हर्टरवरही तो चालवता येतो.

पावसाळ्यात काम बंद ठेवून मशीन महिना-दोन महिने पेटीत जाणार असेल तर पॅक मशीनमधून काढून, अर्धा भरलेला, कोरड्या जागी ठेवावा. पूर्ण भरून ठेवला तर लवकर म्हातारा होतो, पूर्ण उतरवून ठेवला तर परत उठतच नाही.

पॅक म्हातारा झाला की नाही ते कळायला एक सोपी वही पुरते. नवा असताना एका चार्जवर किती स्क्रू बसतात ते मोजून लिहून ठेवायचं, पॅकवर मार्करनं नंबर टाकायचा. दर तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं. नव्याच्या निम्म्यावर आला की तो पॅक लाइटला किंवा छोट्या ड्रिलला द्यायचा. मल्टिमीटर असेल तर आणखी बरं. पाच सेलचा पॅक पूर्ण भरल्यावर २० ते २१ व्होल्ट दाखवतो, उतरल्यावर १५ च्या आसपास. १२ च्या खाली गेलेला पॅक जबरदस्तीनं चार्ज करू नये.

सेल बदलून मिळतात, पण

जुन्या पॅकमध्ये नवे सेल भरून देणारे कारागीर आता ठिकठिकाणी आहेत आणि त्यांच्यातले काही चांगलं काम करतात. प्रश्न सेल कुठून येतो हा आहे. जुन्या लॅपटॉपमधून काढलेला १८६५० सेल दिसायला हुबेहूब तसाच असतो, पण तो चार-पाच अँपिअरच्या कामासाठी बनवलेला असतो. ग्राइंडरला वीस लागतात. त्याच्यावर ‘२६०० एमएएच’ लिहिलेलं असल्यानं तो जास्त क्षमतेचा वाटतो, तिथंच फसगत होते.

म्हणून कारागिराला तीन प्रश्न विचारावेत. सेल नवे आणि एकाच लॉटचे आहेत का, ते सलग किती अँपिअर देतात आणि पट्ट्या स्पॉट-वेल्डिंगनं जोडणार की सोल्डरिंगनं? थेट सेलवर सोल्डरिंग होत असेल तर तिथून उठावं, त्या उष्णतेनं नवा सेल बसवतानाच दुखावतो. शिवाय काही कंपन्यांच्या पॅकमधलं सर्किट एकदा दोष नोंदवला की कायमचं लॉक होतं. नवे सेल घालूनही तो पॅक चार्ज होत नाही आणि पैसे वाया जातात. ड्रिल आणि लाइटच्या पॅकसाठी, ओळखीच्या कारागिराकडून हा मार्ग विचारात घ्यायला हरकत नाही. ग्राइंडर आणि हॅमरच्या पॅकला नवा ओरिजिनलच घ्यावा.

पॅक तापला, वास आला तर

चार्ज होताना पॅक हात न ठेववण्याइतका गरम झाला, खोकं वितळल्यासारखं दिसलं, सूं असा आवाज किंवा गोडसर रसायनाचा वास आला तर आधी मेन स्विच बंद करावा आणि माणसं बाहेर काढावीत. धूर विषारी असतो, वाकून बघायला जाऊ नये. विझवणाऱ्या पावडरनं ज्वाळा बसते, पण सेल आत तापलेलेच राहतात आणि पुन्हा पेट घेतात. वीज बंद असेल आणि लांबून मारता येत असेल तर भरपूर पाणीच त्यांना गार करतं. १०१ किंवा ११२ ला फोन आधी करावा, नंतर बाकीचं. यासाठीच रात्री शेडमध्ये, थिनरच्या डब्यांशेजारी, लाकडी टेबलावर सहा-सहा पॅक चार्जला लावून घरी जाऊ नये.

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून बाहेरगावच्या कामाला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. मशीन चेक-इन सामानात जातं, सुटी लिथियम बॅटरी तिथं चालत नाही, ती हातातल्या सामानात न्यावी लागते. मर्यादा १०० वॉट-अवरची, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. म्हणजे ५ एएचचा पॅक मर्यादेत, ६ एएचचा १०८ वॉट-अवर असल्यानं परवानगीच्या यादीत.

मेलेला पॅक भंगारवाल्याच्या पोत्यात टाकू नये. लोखंडाच्या तुकड्यांत पत्त्या शॉर्ट झाल्या की पोतं पेटतं. केंद्र सरकारनं ऑगस्ट २०२२ मध्ये आणलेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे आणि वापरणाऱ्यानंही त्या घरच्या कचऱ्यात मिसळायच्या नाहीत. ज्या कंपनीचा पॅक आहे तिच्या सर्व्हिस सेंटरवर किंवा विक्रेत्याकडं तो परत घेण्याबद्दल विचारावं. देण्याआधी पत्त्यांवर इन्सुलेशन टेपचे दोन वेढे मारावेत आणि वर मार्करनं ‘खराब’ लिहावं, नाहीतर कुणीतरी तो उचलून पुन्हा चार्जरवर लावतो.